समसमान

माणसाने आयुष्यात एकदा तरी कुठल्याही दोन वस्तू अगदी समान करायला बसावे. समानतेवर भाषण ठोकण्याची खोड कायमची जाते. हे मी अनुभवाने सांगतो.

मी बँकेत क्लार्क आहे. तेवीस वर्षे झाली. दोन बाजू जुळवणे हा माझा धंदाच आहे. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. खाली दोन्हीकडे एकच आकडा आला की डबा उचलून घरी जायचे, नाही आला तर येईपर्यंत जायचे नाही. मी लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. फरकाला नऊने भाग गेला की कुठेतरी ५४ चे ४५ झाले आहेत, हे तेव्हापासून मला झोपेतही कळते. सांगायचा मुद्दा, मी बी. कॉम. आहे आणि जुळवाजुळव माझ्या रक्तात आहे. आमची ही म्हणते, "रक्तात तेवढंच आहे, हिमोग्लोबिन नाही."

अशा माझ्यावर स्वतःच्या मोटारसायकलची दोन सिलिंडरे समसमान करण्याची पाळी आली.

गाडी रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर. ६४८ सीसी, दोन सिलिंडरे. ही गाडी भारतात २०१८ च्या नोव्हेंबरात आली. माझी २०१९ ची आहे, मी ती २०२२ साली दुसऱ्याकडून घेतली. क्लार्कने एवढी मोठी गाडी का घ्यावी, हा प्रश्न आमच्या हिने विचारून झाला आहे. हेड कॅशियरनेही विचारला आहे. तुम्ही विचारू नका.

तर या गाडीच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आत घ्यायला स्वतःचे वेगळे तोंड आहे. त्या तोंडाला थ्रॉटल बॉडी म्हणतात. आत एक गोल चकती आडव्या दांडीवर फिरते. तिला इंग्रजीत फुलपाखरू म्हणतात; हे नाव ठेवणाऱ्याने एक तर फुलपाखरू पाहिले नसावे, नाहीतर चकती. आपण मूठ पिळली की दोन्ही फुलपाखरे बरोबर उघडतात. बरोबर म्हणजे कशी, हे दोघांमधला एक चिमुकला स्क्रू ठरवतो. तो जरा सरकला, की एक फुलपाखरू दुसऱ्यापेक्षा केसभर जास्त उघडते. मग एक सिलिंडर राबते आणि दुसरे त्याच्या मागून फरफटत येते.

गंमत अशी, की गाडी वेगात पळत असताना हा फरक जाणवत नाही. दोन्ही दारे चांगली उघडी असताना केसभराचा हिशोब कोण ठेवतो? जाणवतो तो सिग्नलला उभे राहिल्यावर. तेव्हा दारे मुळात केसभरच उघडी असतात, आणि केसभरात केसभर फरक म्हणजे एकाला दुप्पट आणि दुसऱ्याला निम्मे! मग गाडी थरथरते. माझ्या आरशात मागे उभा असलेला एक ट्रक दोन दिसू लागला, तेव्हा मी मनाशी म्हटले, आता समतोल साधलाच पाहिजे.

इथे जरा थांबून दुसऱ्या एका जोडीविषयी सांगतो.

आम्ही दोघे भाऊ. दादा पुण्यात इंजिनिअर, मी सांगलीत क्लार्क. आई माझ्याकडे असते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून उभे होतो. दवाखाना, रात्री, पैसे, कशातच डावे-उजवे झाले नाही. नातेवाईक म्हणाले, भाऊ असावेत तर असे. पण ती सगळी दारे सताड उघडी असतानाची गोष्ट. पुढे आयुष्य सिग्नलला उभे राहिले. आईच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार, गुडघ्याला तेल कोण लावणार, तिची तीच गोष्ट सातव्यांदा कोण ऐकणार? केसभर फरक तेव्हा कळू लागला. दादा दर महिन्याच्या एक तारखेला ८,००० रुपये पाठवायचा. बाकीचे सगळे माझ्याकडे.

मग मी काय केले? मी बी. कॉम. आहे. मी वही घातली.

दोनशे पानी वही. तारीख, तपशील, रक्कम. 'डोळ्याचे थेंब, २१०. रिक्षा, ६०. रात्री दोनदा उठणे...' इथे रकमेच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना, म्हणून टिंबे देत गेलो. दीड वर्षात वही तीन चतुर्थांश भरली. दादा कधीतरी निवांत भेटला की ती त्याच्यापुढे ठेवायची आणि काही न बोलता चहा प्यायचा, एवढाच माझा बेत होता. तो चहा मी मनातल्या मनात निदान शंभर वेळा प्यायलो असेन.

तर पुन्हा गाडीकडे. दोन सिलिंडरे सारखी ओढतात का, हे पाहायला गॅरेजमध्ये घड्याळासारखे मापक असतात. पूर्वी पाऱ्याच्या नळ्या वापरत. घरी करायचे तर सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे एक पारदर्शक नळी. गवंडी दोन भिंतींची उंची जुळवायला पाण्याने भरलेली लेव्हलची नळी वापरतो ना, तिचीच ही धाकटी बहीण. गवंड्याची नळी इंजिनाच्या बारीक बोंडीवर बसेना, म्हणून मी माशांच्या टाकीची नळी आणली. ती एका सहा फुटी लाकडी पट्टीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, तळाशी थोडे हिरवे टू-टी ऑइल भरले. दोन्ही थ्रॉटल बॉडींना रबरी टोपी घातलेली एकेक बोंडी असते. टोप्या काढून नळीची दोन टोके त्यांवर चढवायची आणि इंजिन चालू करायचे. जे सिलिंडर जास्त ओढेल, त्याच्या बाजूला तेल वर चढते. पारा तेलाच्या सुमारे पंधरापट जड, म्हणजे पारा जिथे एक मिलिमीटर हलेल तिथे आपले तेल दीड सेंटिमीटर हलते. एकूण खर्च १४० रुपये आणि नजर गॅरेजवाल्यापेक्षा पंधरापट तीक्ष्ण! मी हे हिला मोठ्या आनंदाने सांगितले. ती म्हणाली, "मग डाळीतले खडे बघा."

इंजिन चांगले गरम झाल्यावरच हे करायचे असते. पण गाडी जागेवर उभी असली की तिला वारा लागत नाही, म्हणून पुढे पंखा ठेवावा लागतो. आमच्याकडे टेबलफॅन एकच, आणि तो आईच्या खोलीत. मे महिन्यातला रविवार, सकाळचे अकरा. मी पंखा उचलला. आई म्हणाली, "ने बाळ. तिला उकडत असेल."

खाली मोकळ्या आवारात सगळी मांडणी केली. बंद जागेत हा उद्योग करू नये, धूर विषारी असतो. इंजिन चालू केले. तेल सणकन हलले आणि एका बाजूला चढू लागले. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकलो, आणि माझ्या कोपराचा धक्का लागून एका बाजूची नळी निघाली. चालत्या इंजिनाला केवढी ओढ असते, याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या सिलिंडरने नळीतले सगळे तेल एका घोटात पिऊन टाकले. मग गाडीने जो पांढरा-निळा धूर सोडला, त्यात आमच्या सोसायटीचे आवार, दोन स्कूटर, वाळत घातलेल्या कुरडया आणि तळमजल्यावरचे काका दिसेनासे झाले. धुरातून काकांचा आवाज आला, "डासांची फवारणी आहे का?"

पुढच्या रविवारी शहाणा झालो होतो. नळीच्या दोन्ही बाजूंना माशांच्या टाकीचेच छोटे प्लॅस्टिकचे कॉक बसवले आणि ते जवळजवळ बंद ठेवले. त्याचे दोन फायदे. तेल एकदम पळत नाही, आणि इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते नाचत नाही. ठोकाठोक्याला पाहिले तर दोन सिलिंडरे कधीच सारखी नसतात. एक ओढत असते तेव्हा दुसरे दुसऱ्याच कामात असते. सरासरी पाहायची. हे कळल्यावर मला वहीतल्या रोजच्या तारखा आठवल्या, पण मी तो विचार झटकला. स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धपाव तिकडे. तेल हळूहळू खाली आले, आणि दोन्ही बाजूंना एका रेषेत उभे राहिले. टॅली! माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालू लागली.

तळपट जुळला म्हणजे हिशोब बरोबर, असे नसते. हे मला एफ. वाय.ला शिकवले होते. नोंदच राहून गेली, भलत्याच खात्यात पडली, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरी तळपट जुळतो. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न असे आणि मला पाचपैकी साडेचार मिळाले होते. ते ज्ञान मी वर्गातच सोडून आलो असणार.

जूनमध्ये दादा आला. मी वही टेबलावर अशी ठेवली, की सहज दिसेल पण ठेवल्यासारखी वाटणार नाही. तो वहीकडे न बघता सरळ खाली गाडीकडे गेला.

"झडपा बघितल्यास का?" त्याने विचारले.

"कसल्या झडपा?"

"अरे, आधी झडपांची फट तपासायची. गाडी थंड असताना. मग हवेचा फिल्टर, प्लग, कुठे हवा गळतेय का ते. हे सगळं ठीक असेल तरच लेव्हल. नाहीतर लेव्हलला काय अर्थ आहे?"

गाडी रात्रभर थंड केली. सकाळी दादाने वरचे झाकण काढले. प्रत्येक सिलिंडरला चार, अशा एकूण आठ झडपा. तो फिलर गेजची पाती एकेका फटीत सरकवत गेला. एका ठिकाणी पाते शिरेना.

"ही बघ. डाव्या सिलिंडरची. फटच उरली नाहीये, त्यामुळे नीट बंद होत नाही. दम गळतो. म्हणून ते कमी ओढत होतं."

"मग मी लेव्हल केली ती?"

"तू काय केलंस, ते कमी ओढतंय म्हणून त्याचंच तोंड आणखी आवळलंस. आवळल्यावर ओढ वाढलेली दिसते ना नळीत. जे आधीच आजारी, त्याची हवा तोडलीस. लेव्हल मात्र एकदम झकास जुळवलीस हं."

मी गप्प राहिलो. दादा लॉकनट सैल करत, मान वर न करता म्हणाला, "मार्चपासून माझा पगार निम्मा झालाय."

मला आधी कळलेच नाही. वाटले, गाडीविषयीच काहीतरी बोलतोय.

"बोलला नाहीस ते?"

"तू कुठे विचारलंस? दर एक तारखेला आठ हजार आले, की तुझी टॅली होत होती."

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. भांडता आले असते. त्याने पान्हा मागितला, मी दिला.

तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे, की समानता दोन प्रकारची असते. एक आकड्यांची: तुला चार, मला चार. दुसरी प्रमाणाची: ज्याचे जेवढे, त्याला तेवढ्या मानाने. मी कॉमर्सचा असल्यामुळे पहिलीवर थांबलो होतो. आठ हजार म्हणजे आठ हजार! पण पूर्ण पगारातले आठ हजार आणि निम्म्या पगारातले आठ हजार ही एकच रक्कम आहे का? पासबुकात आहे. आमच्याकडेही वाटण्यांचा विचार कमी झालेला नाही. मनुस्मृतीने थोरल्याला विसावा हिस्सा जास्त सांगितला, आजचा कायदा सगळ्यांना सारखे धरतो. पण हे सगळे घेण्याच्या वाटणीचे. गुडघ्याला तेल लावण्याची वाटणी कशी करायची?

त्या नळीची आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि मी ती सोयीस्करपणे विसरलो होतो. दोन सिलिंडरे धडधाकट असतील, तर ज्याचे दार कमी उघडे, तेच जास्त ओढते. तेल चढलेले दिसले की आपल्याला वाटते, केवढा हा हावरट! प्रत्यक्षात त्याला पुरेशी हवा मिळत नसते. आई दर संध्याकाळी फोनवर दादाला विचारी, "कधी येतोस?" तो दर वेळी तिच्याशी अर्धा-अर्धा तास बोले. मी वहीत लिहिले होते, 'दादा नुसता बोलतो.' घरात आई असण्याचे जे सुख मला फुकट मिळत होते, त्याचे दार त्याच्यासाठी किती उघडे होते?

आणि 'फुकट' या शब्दाशी मी दचकलो. त्या रात्री वही उघडली. दीडशे पाने खर्चाची. जमेची बाजू कुठे आहे? आई रोज भाजी निवडते. आम्ही दोघे नोकरीला जातो तेव्हा घराला कुलूप लागत नाही. मुलगा शाळेतून येतो तेव्हा दार उघडायला कुणीतरी असते. माझा पंखा गेला तरी 'तिला उकडत असेल' म्हणणारे कुणीतरी असते. यातले एक अक्षर वहीत नव्हते. तेवीस वर्षे दुहेरी नोंद करून पोट भरणारा माणूस आपल्या आईच्या खात्यात एकेरी नोंद करत होता. ऑडिटरने माझे टेबलच काढून घेतले असते.

मला फार उदात्त वाटू लागले. अशा वेळी माणसाने लगेच झोपावे. मी हिला उठवले आणि म्हटले, "मी ही वही फाडून टाकतो. नात्यात कसला हिशोब?"

ती उठून बसली. "वा. म्हणजे तुम्ही उदार झालात. आणि रात्री कोण उठणार?"

"म्हणजे?"

तिने वही घेतली, एका ओळीवर बोट ठेवले. 'रात्री दोनदा उठणे.' "हे कोण उठलं होतं?"

मी आठवून पाहिले. पहिल्यांदा मी उठलो होतो. म्हणजे जागा झालो होतो. म्हणजे हिला हाक मारली होती.

"हिशोब ठेवू नये हे बोलायला बरं वाटतं," ती म्हणाली. "जो मोजत नाही तो मोठा, असं सगळे म्हणतात. आणि ज्याचं कुणीच मोजत नाही, त्यानं काय करायचं? फाडू नका वही. नीट लिहा."

खरे सांगतो, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. हिशोब ठेवला की प्रेम आटते म्हणतात. आणि नाही ठेवला, तर घरातले जे सिलिंडर गपगुमान राबते, त्याचा दम कुणाच्या लक्षात येत नाही. मला एवढेच सुचते की मोजावे, पण नळी लावायच्या आधी झडपा पाहाव्यात. कुणाचे काय बिनसले आहे, हे विचारून घ्यावे, तेही डोके थंड असताना. ठोकाठोक्याला मोजू नये. आणि जे सापडेल ते दुसऱ्याच्या तोंडावर मारण्यासाठी नसते, मधला स्क्रू फिरवण्यासाठी असते. हे सगळे मला फार उशिरा आणि टू-टी ऑइल पाजल्यावर कळले, हे कबूल.

दादाने झडपेची फट नीट केली. मग इंजिन गरम करून आम्ही पुन्हा नळी लावली. दादा स्क्रूपाशी, मी पट्टी धरून. मध्ये आई खाली येऊन खुर्चीवर बसली. टेबलफॅन या वेळी मी शेजाऱ्यांचा आणला होता. आईने थोडा वेळ त्या हिरव्या तेलाकडे पाहिले आणि विचारले, "दोन्हीकडे सारखं झालं का रे?"

"झालं," दादा म्हणाला.

"मग आता खाली ठेवा ती काठी. हात दुखत असेल त्याचा."

'त्याचा' म्हणजे कोणाचा, हे तिने सांगितले नाही. आम्ही दोघांनीही आपापला धरला.

आता दादा ५,००० पाठवतो. माझ्या आग्रहाने, आणि तेही भांडण करूनच. महिन्याच्या चौथ्या शनिवारी तो येतो, रविवारी जातो. त्या रात्री आईच्या खोलीत तो झोपतो आणि रात्री तोच उठतो. पहिल्याच वेळी सकाळी तो डोळे चोळत बाहेर आला आणि हिला म्हणाला, "वहिनी, हे रोज?" ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने त्याच्या पोळीवर तूप जरा जास्तच घातले. वही आता फ्रिजवर असते. दोन बाजूंची. कोणीही लिहावे. आईनेही परवा एक नोंद केली: 'धाकट्याने गोष्ट पूर्ण ऐकली.' रकमेच्या रकान्यात तिने टिंबे दिली आहेत.

चौथ्या शनिवारी बँकेलाही सुटी. आम्ही दोघे गाडीवरून फिरून येतो. आरशात आता एका ट्रकचा एकच ट्रक दिसतो. तरी सिग्नलला उभे राहिलो की गाडीचा आवाज काही घड्याळासारखा टिकटिक येत नाही. एकामागून एक दोन ठोके, मग जरा थांबते, पुन्हा दोन ठोके. मी घाबरून दादाला विचारले होते. तो म्हणाला, या इंजिनात दोन्ही दट्ट्ये मुळातच एका वेळी वरखाली होत नाहीत. दांडा २७० अंशांचा आहे. एका ठोक्यानंतर २७० अंशांवर दुसरा, आणि मग ४५० अंशांनी पुन्हा पहिला. बनवतानाच तशी बनवली आहे. हवा दोघांना सारखी मिळते, पण ठोके ज्याच्या त्याच्या वेळेला.

काल आवारात गाडी उभी करत होतो. तळमजल्यावरच्या काकांनी कान देऊन आवाज ऐकला आणि हळहळून म्हणाले, "एवढा खटाटोप केलात, पण अजून सारखी नाही झाली वाटतं?"

मी म्हटले, "झाली की, काका. आवाज तसाच राहायचा."